खळ्यातलं इंजिन

त्या वर्षी मी माझ्या खळ्यात आगगाडीचं इंजिन काढलं होतं. खोटं सांगत नाही. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की आमचं खळं मोकळं होतं आणि मग कुळीथ वाळवण्याखेरीज त्याला काम नसतं. मी ते शेणाने स्वच्छ सारवून घेतलं आणि चुन्याने त्यावर डिझेल इंजिनातली ड्रायव्हरची जागा आखली. साल त्र्याऐंशी. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा रेल्वेचा हातभर रूळ नव्हता आणि वाडीतल्या निम्म्या बायकांनी आगगाडी डोळ्याने पाहिलेली नव्हती. शेजारची गंगुबाई रोज कुळीथ घेऊन यायची, कमरेवर हात ठेवून बघायची आणि विचारायची, "राही, तुज्या ह्या गाडीची चाकं कुटं हायत गो?"

"चाकं घाटावर हायत," मी सांगायची. "हितं नुसता डायवर बसतो."

ती हसायची. मला हसू येत नव्हतं. महिन्याने काय होणार याची मला काळजी होती.

डायवर म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायचं तर महिपत. वाडीतले बाकीचे पुरुष मुंबईला गिरणीत गेले, हे मात्र मामाच्या ओळखीने घाटावरच्या एका इंजिन शेडात लागले. आधी राख उपसली, मग कोळसा टाकला, आणि सोळा वर्षांनी वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर झाले. चौथीपर्यंतच शाळा; सही करायचे, पाटी वाचायची तर एकेक अक्षर लावून. पण इंजिन त्यांना वाचता यायचं. "वाफेचं इंजिन बोलतं गो," म्हणायचे. "तान लागली तरी सांगतं, पोटात दुकलं तरी सांगतं."

आता ती बोलणारी इंजिनं एकेक करून भंगारात चालली होती. त्याच शेडाच्या पलीकडे डिझेलचं नवं शेड उभं राहिलं होतं, आणि ड्रायव्हरांना साहेबांनी सांगून टाकलं होतं: डिझेलची परीक्षा द्या, पास व्हा, नाहीतर गाडीवरून उतरा. तोंडी परीक्षेत हे तरून गेले. मग प्रत्यक्ष इंजिनावर बसवलं आणि यांना काही सुचेना. शिकवणीच्या दिवसांत एकेका इंजिनात वीस-वीस माणसं कोंबायचे. मागे उभं राहून दुसऱ्याच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढं शिक्षण. स्वतःच्या हाताने दांडा धरायला मिळाला तो जेमतेम दोनदा. साहेबाने नापासाचा शेरा मारला आणि एक महिन्याने पुन्हा ये म्हणाला. दुसरी खेप, आणि तीच शेवटची. या वेळी चुकले की पुन्हा राख उपसायला, तीही वाफेचं शेड बंद होईपर्यंतच.

महिन्याची रजा घेऊन हे घरी आले तेव्हा माणूस अर्धा झाला होता. खळ्याच्या कडेला बसून हाताकडे बघत राहायचे. मी दोन दिवस बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला राग आला. मला काळजी वाटली की रागच येतो, तो माझा स्वभाव आहे.

"असं बसून काय व्हनार? काय तरी आनलंव आसंल ना लिवून?"

यांनी पिशवीतून बटर पेपराची गुंडाळी काढली. शिकवणीच्या खोलीत भिंतीवर ड्रायव्हरच्या टेबलाचं मोठं चित्र होतं. त्यावर हा कागद धरून यांनी पेन्सिलीने गिरवून आणलं होतं. नावं इंग्रजीत, ती काही उतरवली नव्हती. नुसते गोल, चौकोन आणि दांडे. कुठला दांडा कशाचा ते आकारावरून यांना ठाऊक होतं. फक्त दोन ब्रेक दिसायला सारखेच, एक या हाताला आणि एक त्या हाताला. त्यातला एक सगळ्या गाडीचा, डब्यांसकट सगळं थांबवणारा. दुसरा नुसत्या इंजिनाचा. गाडी वेगात असताना इंजिनाचा ओढलात तर इंजिन अडणार आणि मागचे डबे ढकलत राहणार. म्हणून गाडीच्या ब्रेकावर यांनी फुली मारून आणली होती.

मी पालीला माहेरी असताना सातवीपर्यंत शिकलेली. शिवाय माझ्या हातात भरतकाम आहे. पिढीजात नाही, पण हातखंब्यापासून निवळीपर्यंत उशीचे अभ्रे माझ्याकडूनच भरून नेतात. तो बटर पेपर चिवड्याच्या तेलाने डागाळलेला, चुरगळलेला. मी नेहमीसारखा तो चांगल्या जाड कागदावर उतरवून घेतला. पेन्सिलीची बाजू खाली करून पालथा घातला, चमच्याच्या पाठीने घासला आणि शिसं खालच्या कागदावर उठलं. पोपट, मोर, जास्वंदी, सगळं मी असंच उतरवते. मग शाई फिरवली, यांना विचारून मराठीत नावं घातली आणि तो कागद हातात धरून खळ्यात चुना टाकला.

गाडीच्या ब्रेकाला एक पळी, इंजिनाच्या ब्रेकाला दुसरी, दोन्ही मातीच्या गोळ्यात रोवलेल्या. वेग वाढवायच्या दांड्याला उलथनं. घड्याळांच्या जागी करवंट्या. भोंगा म्हणून म्हशीच्या गळ्यातली घंटा. बसायला भात मोजायची पायली उपडी घातली. मी हातात काठी घेऊन समोर उभी राहायची आणि ओरडायची, "पुढं गुरं आली! थांबा!"

पहिल्या दिवशी मी "थांबा" म्हटलं तर यांचा डावा हात गेला.

"उजवा ओ! डावा नुसत्या इंजिनाचा!"

"डावाच वाटतो गो मला."

"वाटून काय व्हतंय? फुली कुटं हाय बघा." मी कागद नाकासमोर धरला. फुली उजव्या पळीवर होती.

यांनी कागदाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. "आसंल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही डावाच. मग माझं डोकं फिरलं. सोळा वर्षं इंजिनावर काढली आणि डावं-उजवं कळत नाही म्हणजे काय? मी नको ते बोलले. म्हशीलासुद्धा आठ दिवसांत गोठा कळतो, म्हणाले. गंगुबाई कुळथात हात घालून ऐकत होती, तिच्यासमोर म्हणाले. हे मान खाली घालून पायलीवर बसून राहिले आणि म्हणाले, "परत वरड."

मी परत ओरडले. दिवसातून पन्नास वेळा, शंभर वेळा. पंधरा दिवसांनी उजवा हात आपोआप जायला लागला. वीस दिवसांनी तर अशी गत झाली की हे जेवायला बसलेले असताना मी चुलीपाशी मांजराला "थांब!" म्हणून ओरडले, तर यांचा उजवा हात भातासकट बाहेर आला आणि भात जाऊन कुडाच्या भिंतीवर आपटला. आम्ही दोघंही त्या दिवशी पोट धरून हसलो. महिन्यात पहिल्यांदा हसलो. मला वाटलं, झालं, आता काही भीती नाही.

परीक्षा शुक्रवारची. हे बुधवारी निघाले. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एसटी हातखंब्याला दुपारी एकला यायची, आणि आमच्या वाडीपासून सड्यावरून चालत हातखंबा दीड तास. कुणीही शहाणा माणूस अकराला निघाला असता. हे आठला निघाले. वाफेचं इंजिन तापायलाच कितीतरी तास लागतात, तेव्हा ते लोक गाडीच्या खूप आधी जाऊन बसतात. ती सवय यांच्या हाडात मुरलेली. आमच्या लग्नात वऱ्हाड यायच्या आधी नवरदेव एकटाच पालीला येऊन बसला होता आणि माझ्या काकाने त्याला आचाऱ्याचा माणूस समजून पाण्याचे हंडे उचलायला लावले होते. मी त्यावरून यांना आयुष्यभर चिडवलं. त्या बुधवारीही चिडवलं. "आतापासून जाऊन रस्ता झाडनार काय?"

हे हसले. पाया पडले देवाच्या. गेले.

मी चहाची भांडी घासली आणि कामाला बसले, कारण नुसतं बसले असते तर वेड लागलं असतं. शाळेतल्या मालिनीबाईंनी स्नेहसंमेलनासाठी दारावरचं तोरण भरायला दिलं होतं. मधोमध अक्षरं हवी होती, सुस्वागतम्. आजवर अक्षरांचं काम आलं की बाई स्वतः कापडावर खडूने लिहून द्यायच्या. या वेळी त्यांना सवड नव्हती. त्यांनी बटर पेपरावर वळणदार अक्षरं काढून दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "राही, तूच उतरवून घे."

मी कापड पसरलं. कागद पालथा घातला. चमच्याच्या पाठीने घासला. उचलला.

अक्षरं उलटी उठली होती. सगळीच्या सगळी. सु शेवटी गेला होता आणि त्याचं पोट भलतीकडेच होतं.

आधी मला माझंच हसू आलं. एवढी वीस वर्षं भरतकाम करते आणि हे कळू नये! पालथा घातला की डावं ते उजवं होणारच. पोपट इकडे बघितला काय, तिकडे बघितला काय, कुणाला फरक पडतो? म्हणून कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आणि मग माझ्या हातातला चमचा पडला.

मी गादीखालून यांचा तो जुना तेलकट बटर पेपर काढला. पेन्सिलीची बाजू वर करून धरला. फुली डाव्या हाताला होती.

यांचा हात पहिल्या दिवसापासून बरोबर होता. दोनदा धरलेला दांडा त्या हाताला आठवत होता, आणि मी महिनाभर आरडाओरडा करून, चारचौघांत म्हैस म्हणून, तो बरोबर हात मोडून काढला होता. आता शुक्रवारी साहेब म्हणणार थांबव, आणि यांचा उजवा हात जाणार. डोळे मिटून जाणार. मीच तसा शिकवला होता.

मी दार ओढलं, गंगुबाईला ओरडून सांगितलं, "घराकडं बघ गो!" आणि सुटले.

सडा म्हणजे नुसता कातळ. थंडीच्या दिवसांत वरचं गवत वाळून काड्या झालेल्या असतात आणि पायाखाली कातळाची टोकं. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल तिथेच टाकली, मग दुसरीही टाकली. निघताना घड्याळ बघितलं नव्हतं. सूर्य किती वर आला ते बघायची, तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. एसटी लवकर आली तर? कुणी ट्रकवाल्याने बसवून नेलं तर? हे भिडस्त माणूस, कुणी चल म्हटलं की चालले. आणि समजा नाही भेटले, समजा मी सांगूच शकले नाही, आणि तरी कसेबसे पास झाले, तर? मग एखाद्या दिवशी मागे डबे, डब्यांत माणसं, पुढे फाटकात बैलगाडी, आणि उजवा हात. हा विचार आला तेव्हा मी पळता पळता मोठ्याने रडायला लागले. वाटेत दोन गुराखी बायका होत्या, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. "कोन गो, कोन?" असं विचारत त्या थोडं अंतर माझ्या मागे आल्या.

हातखंब्याला तिठ्यावर आत्मारामची चहाची टपरी आहे. एसटीची वाट बघणारे तिथेच बसतात. बाकड्यावर यांची पिशवी होती. हे नव्हते.

"आत्मारामदादा, हे कुटं गेले?"

"आता हितंच तर व्हता. एक ट्रकवाला पालीला चाललावता, त्याच्याशी बोलत व्हता मघाशी."

मी पिशवीशेजारी बसले. मग पिशवीकडे बघितलं आणि कळलं, की पिशवी टाकून हा माणूस कुठे जाणार? टपरीच्या मागे जाऊन बघितलं तर एक ट्रक तोंड उघडून उभा, मेकॅनिक आत वाकलेला, आणि हे कमरेवर हात ठेवून ते डिझेल इंजिन बघत उभे. मला बघितलं तसे पांढरे पडले.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोन नाय गेलं. माजं चुकलं," मी म्हणाले, आणि तिथेच, त्या ट्रकवाल्यासमोर सगळं सांगितलं. तोरण, चमचा, पालथा कागद. पदराला खोचून आणलेला बटर पेपर दाखवला. "तुमचाच हात बरोबर व्हता. पयल्या दिवसापासनं. मीच मोडून काढला."

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं. हे कागदाकडे बघत राहिले.

"मला वाटलंच व्हतं," हळूच म्हणाले.

"वाटलं व्हतं? मंग बोललाव का नाय?"

"बोललो की. पयल्या दिवशी."

"एकदा! एकदा बोलून काय व्हतंय? माज्याशी भांडायचं व्हतं. कागद फेकून द्यायचा व्हता तोंडावर!"

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, थोडं आश्चर्याने. "तुला वाचता येतं," म्हणाले.

एवढंच म्हणाले. मला तिथे उभं राहवेना. मी या माणसाला म्हैस म्हटलं होतं, आणि तो माझ्या सातवीवर विश्वास ठेवून आपला हात खोटा मानत बसला होता. माया वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. असा माणूस गाडी चालवणार? कुणीही शिकलेला येऊन उजवा म्हणेल आणि हा ऐकेल?

आत्मारामने सांगितलं, बारा वाजून गेलेत. मी डोळे पुसले. त्याच्याकडून दुधाच्या दोन पळ्या मागून घेतल्या आणि बाकड्याच्या फटीत दोन्हीकडे रोवल्या. हे मधे बसले. "थांबा!" मी ओरडले. उजवा गेला. "थांबा!" उजवा. "थांबा!" डावा हलला, पण उजवा त्याच्या आधी पोचला. रस्त्यावरची माणसं जमा व्हायला लागली. एकाने आत्मारामला विचारलं, अंगात आलंय काय म्हणून. दहा वेळा ओरडले तर आठ वेळा उजवाच. महिनाभराचं शिकवलेलं तासाभरात कसं पुसायचं? यांच्या कपाळावर घाम आला. माझा आवाज बसला.

"उजव्यावर बसा," मी म्हणाले.

"आं?"

"मांडीखाली घाला तो हात. हं. आता. थांबा!"

डावा हात गेला.

"परत. थांबा!"

डावा.

माझ्या पोलक्याच्या खांद्याला सुई अडकवलेली तशीच होती, तोरणाचा लाल दोरा ओवलेला. सुई काढून तोंडात धरली आणि दोरा यांच्या डाव्या मनगटाला तीन वेढे देऊन बांधला. उरलेला दोरा दाताने तोडला. "हा गाडीचा. कोन काय बी म्हनू दे, सायेब म्हनू दे, मी म्हनू दे. हा गाडीचा. घरात माजं ऐका, तिथं आपल्या हाताचं ऐका. कळलं?"

"कळलं."

"आसंल म्हनू नका!"

"नाय म्हनत. कळलं."

एसटी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली. हे चढले. खिडकीतून यांनी हात केला तेव्हा कुठला हात आहे ते मला गर्दीत दिसलं नाही. गाडी पालीच्या दिशेने वळली आणि मी अनवाणी पायांनी तिठ्यावर उभी राहिले. आत्मारामने बळेच चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. तार नाही, पत्र नाही. पास झाले असते तर कळवलं नसतं का, असं मन म्हणायचं. मग म्हणायचं, हे कसली तार करतात, यांना तारेचा कागद कोण भरून देणार? सोमवारी मालिनीबाई तोरण न्यायला आल्या. मी अक्षरं नीट उतरवून भरली होती, पण टाके इतके ओढलेले होते की कापडाला सुरकुत्या पडल्या होत्या. बाईंनी कापड हाताने सपाट केलं. नुसतं विचारलं, "बरं नाही का गं?" मी म्हणाले, बरी आहे.

खळ्यात ते इंजिन तसंच होतं. उजवीकडची पळी बघवत नव्हती. मंगळवारी मी शेण कालवलं आणि सगळं सारवून टाकलं. गंगुबाई म्हणाली, "सुटली काय गो तुजी गाडी?" मी तिच्यावर उगाच खेकसले, आणि मग संध्याकाळी तिला ताक नेऊन दिलं.

बाराव्या दिवशी, दुपारी जेवणवेळेला, हे सड्यावरून येताना दिसले. चालण्यावरून काही कळेना. हे सुखात असोत, दुःखात असोत, चालतात सारखेच. मी अंगणात जाऊन उभी राहिले. यांनी पिशवी ठेवली, पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले. मनगटावर दोरा होता, तेलाने काळा झालेला.

"बोला की ओ."

"सांगतो. बसू दे."

ओटीवर बसले. मग सांगायला लागले, आणि त्यांना सांगताना कधी नव्हे ते शब्द सापडत होते. साहेबाने मालगाडीच्या सहा रिकाम्या वाघिणी जोडून इंजिन यार्डात चालवायला दिलं. साहेब मागे उभा. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, थांबव. "उजवा उचलला गो. मला कळायच्या आदी उचलला. तसाच दाबला मांडीखाली आनी डावा ओढला. गाडी उभी ऱ्हायली."

"मंग?"

"मंग सायेब म्हनला, परत चल. या खेपेला जरा वेगात घेतली. आनी मदीच वरडला, अरे थांबव, थांबव, उजवा ओढ, उजवा!"

"सायबान उजवा म्हनलान?"

"व्हय. चुकून म्हनलान की बघायला म्हनलान, देवाला म्हाईत. मानूस बी.ए. पास. आनी वरडला पन आगदी तुज्यासारका."

"मंग काय केलंव?"

"दोऱ्याकडं बघितलं," हे म्हणाले. "डावा ओढला. गाडी उभी केली, आनी मंग म्हनलं, सायेब, उजवा इंजिनाचा हाय. गाडीचा हा."

"त्याला तोंडावर सांगितलंव?"

"सांगितलं की. तूच म्हनालीस ना, कोन काय बी म्हनू दे."

साहेबाने म्हणे वहीत लिहिलं. खाली उतरल्यावर विचारलं, हे इतकं पक्कं कुणी करून घेतलं तुझ्याकडून? हे म्हणाले, बायकोनं. आधी चुकीचं शिकवलं, मग बरोबर शिकवलं, म्हणून पक्कं झालं. पुढचे दिवस इंजिनावर बसवून सराव करून घेतला आणि परवा हुकूम हातात दिला. पुढच्या सोमवारपासून डिझेल शेडात हजर व्हायचं. ड्रायव्हर म्हणून.

यांनी खिशातून तो कागद काढून माझ्या हातात दिला. मी वाचायला लागले, पण अक्षरं दिसेनात. महिनाभराची भीती एकदम डोळ्यांवाटे वाहायला लागली आणि थांबेना. "तार तरी करायची व्हती," एवढंच मला म्हणता आलं. हे म्हणाले, "तार म्हंजी कोन तरी गेलं आसं वाटलं आसतं तुला." तेही खरंच होतं.

पान वाढलं. भात, कुळथाची पिठी, एक सुका बांगडा भाजून. हे जेवायला बसले आणि मला आठवलं की मुंबईहून भावोजींनी पाठवलेलं तूप फळीवर तसंच आहे. यांनी घास उचलला होता. मी चुलीपासून वळून म्हणाले, "थांबा!"

यांचा उजवा हात घास घेऊन तसाच ताटावर राहिला. डावा सटकन बाहेर आला आणि पाण्याचा तांब्या आडवा झाला. पाणी जमिनीवरून वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. हे ओशाळून माझ्याकडे बघायला लागले. आता ही ओरडणार, असं वाटलं असणार त्यांना.

मी ओरडले नाही. तूप घेतलं, त्या पाण्यातूनच चालत गेले आणि भातावर वाढलं. पाणी मी बराच वेळ पुसलं नाही.